टीबीची लस आणि विषाणूची साथ: दंडावरच्या वणाकडून काय अपेक्षा ठेवायची?

लहानपणी दंडावर टोचलेली टीबीची लस कोरोनासारख्या विषाणूच्या साथीत अख्ख्या समाजाला वाचवते का? उत्तर आधीच सांगून टाकतो. कोरोनापुरतं तरी ते 'नाही' असं आहे, आणि हजारो माणसांवर नीट तपासून ते मिळालेलं आहे. तरीही हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. त्याच्यामागे खरं विज्ञान होतं, आणि २०२० च्या त्या भीतीच्या दिवसांत आपल्याकडच्या कितीतरी घरांना त्याचा आधार वाटला होता.

मार्च २०२० संपता संपता अमेरिकेतल्या काही संशोधकांनी देशादेशांची एक तुलना लोकांपुढे ठेवली. इटली, अमेरिका, नेदरलँड्स या देशांत सगळ्या बाळांना बीसीजी, म्हणजे हीच टीबीची लस, देण्याचं धोरण कधीच नव्हतं, आणि तिथे कोरोनानं माणसं जास्त मरत होती. जपानमध्ये ही लस कित्येक दशकं सर्रास दिली जाते, तिथे मृत्यू कमी होते. हा मसुदा इतर तज्ज्ञांच्या तपासणीतून अजून गेलाही नव्हता, तोवर बातमी जगभर झाली. आपल्याकडे तर ती फारच गोड लागली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गावात बाही वर करा, डाव्या दंडावर तो बारीक वण दिसतोच. तेव्हा आपण सगळे आधीपासूनच सुरक्षित आहोत, असा मजकूर मोबाइलवर फिरायला वेळ लागला नाही. १२ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट केलं की बीसीजी कोरोनापासून वाचवते याला पुरावा नाही आणि त्यासाठी ती घेऊ नये. ते मात्र फारसं कुणी पुढे पाठवलं नाही.

आता ही लस आहे तरी काय, ते बघू. फ्रान्समधल्या लील शहरात आल्बेर काल्मेट आणि कामीय गेराँ या दोघांनी १९०८ मध्ये गायीगुरांना होणाऱ्या टीबीचा जंतू घेतला. बटाटा, ग्लिसरीन आणि गुरांचं पित्त यांच्यावर तो वाढवायचा, दर तीन आठवड्यांनी त्यातला थोडा काढून नव्या बटाट्यावर घालायचा, असं ते १३ वर्षं करत राहिले. मधे पहिलं महायुद्ध येऊन गेलं. २३० वेळा असं झाल्यावर तो जंतू जिवंत राहिला, पण रोग करायचं विसरला. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला. बीसीजीतली शेवटची दोन अक्षरं या दोघांच्याच नावांची. भारतात १९४८ मध्ये चेन्नईच्या गिंडीत लस बनवायला सुरुवात झाली, १९५१ पासून देशभर मोहीम निघाली आणि १९७८ च्या लसीकरण कार्यक्रमापासून ती नवजात बाळांना देण्याची रीत पक्की झाली. हे १९७८ साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, ही लस टोचताना एकदा जवळून बघा. कुपी गडद तपकिरी काचेची असते, कारण लसीला उजेड सोसत नाही. आत पांढरी भुकटी. सिस्टर त्यात मिठाचं निर्जंतुक पाणी घालतात, कुपीवर वेळ लिहितात आणि चार तासांच्या आत ती संपवतात. उरली तर फेकून द्यावी लागते. म्हणूनच 'चार-पाच बाळं जमली की या' असं कधी कधी ऐकायला मिळतं. नवजात बाळाला मात्रा फक्त ०.०५ मिलिलिटर, आणि सुई कातडीखाली नव्हे, कातडीच्या आतच आडवी सरकवायची. नीट टोचली तर तिथे एक फिकट, फुगीर ठिपका उठतो आणि अर्ध्या तासात बसतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा गाठ येते, ती पिकते, फुटते, खपली धरते, आणि मग जन्मभराचा वण. आई घाबरते, सासू हळद लावायला सांगते. काहीही लावू नये. ते तसं होणंच अपेक्षित असतं.

टीबीच्या बाबतीत हिचं काम ठरलेलं आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाला होणारा टीबी आणि सगळ्या शरीरभर पसरणारा टीबी, हे दोन्ही प्रकार मुलाला बघता बघता नेतात. त्यांच्यापासून बीसीजी चांगलं संरक्षण देते. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीवर मात्र तिचा भरवसा नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात १९६८ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार लोकांना घेऊन जगातली सगळ्यात मोठी बीसीजी चाचणी सुरू झाली. १५ वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं की मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीत काही फरक पडला नाही. हा निकाल आपल्याच देशातला आहे आणि तो पचवायला जड होता. पण ज्या रोगासाठी लस केली त्या रोगातही तिची मर्यादा मोजूनच कळली, हे इथे फार महत्त्वाचं आहे.

मग टीबीच्या जंतूची लस विषाणूवर चालेल असं वाटावंच का? टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो बेळगावकरांना मैदान म्हणून, सकाळी फिरायची जागा म्हणून माहीत आहे. इंग्रजांच्या काळात तिथे देवीची लस तयार व्हायची. ती लस म्हणजे देवीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद. दोघांचा चेहरामोहरा इतका सारखा की शरीरानं एकाला ओळखलं की दुसराही ओळखता येतो. टीबीचा जंतू आणि कोरोना यांच्यात असलं कुठलंच नातं नाही. एक जिवाणू आहे, दुसरा विषाणू. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्याला ओळखूच शकत नाहीत. म्हणजे बीसीजीचा फायदा होणारच असेल, तर तो निराळ्याच वाटेनं व्हायला हवा.

ती वाट नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात मिहाई नेटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. आपल्या शरीरात दोन थरांचं संरक्षण असतं. एक थर शत्रूचा चेहरा लक्षात ठेवतो, त्याला तयार व्हायला आठवडे लागतात. दुसरा थर जन्मजात. तो चेहरा बघत नाही, परकं काही दिसलं की धावून जातो. या दुसऱ्या थराला स्मरणशक्ती नसते, असं पूर्वी पुस्तकांत लिहिलेलं असायचं. नेटियांच्या गटानं दाखवलं की बीसीजी दिल्यावर या पेशींच्या आतल्या काही जनुकांवरची बंधनं सैल होतात, आणि पुढे कुठलाही जंतू आला तरी त्या जास्त जोरात उठतात. गावात एकदा घरफोडी झाली की पुढचे काही महिने कुत्रं भुंकलं तरी चार माणसं बॅटऱ्या घेऊन बाहेर येतात, तसंच. चोर तोच असायला पाहिजे असं नाही. पण वर्ष उलटलं की त्याच गल्लीत सगळे पुन्हा गाढ झोपलेले असतात, हेही तितकंच खरं.

२०१८ मध्ये याच गटानं एक धाडसी प्रयोग केला. काही धडधाकट स्वयंसेवकांना बीसीजी दिली, काहींना नुसतंच पाणी, आणि महिन्याभरानं सगळ्यांना पीतज्वराची लस टोचली. त्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. बीसीजी घेतलेल्यांच्या रक्तात तो विषाणू कमी सापडला. म्हणजे माणसाच्या शरीरात, निदान थोड्या काळापुरता, बीसीजीचा परिणाम विषाणूवर होऊ शकतो.

त्याच्याही कितीतरी आधीपासून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशात पीटर आबी आणि त्यांचे सहकारी सांगत होते की बीसीजी मिळालेली बाळं इतर कारणांनीही कमी दगावतात. कमी वजनाच्या बाळांवर तिथे तीन चाचण्या झाल्या. त्या एकत्र मोजल्या तेव्हा जन्मल्या जन्मल्या बीसीजी दिलेल्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी निघाले. हा आकडा वाचून कुणाच्याही मनात आशा जागी होईल. पण डेन्मार्कमध्ये ४ हजारांवर बाळांवर तपासलं तर दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. आणि आपल्या चेन्नई-पुदुच्चेरीत दोन किलोच्या आतल्या बाळांवर रशियन वाणाची बीसीजी वापरून दोन चाचण्या झाल्या, त्यांतही पहिल्या महिन्यातले मृत्यू घटले नाहीत. लसीचा वाण, बाळाचं वजन, आसपास असलेले रोग, दवाखान्याची सोय, यांपैकी काहीही बदललं की निकाल बदलतो, असं मला यातून दिसतं. आफ्रिकेतल्या एका देशातला निकाल उचलून बेळगावला चिकटवता येत नाही.

आता २०२० च्या त्या तुलनेकडे वळू. ती इतकी पटण्यासारखी का वाटली आणि कुठे फसली, हे समजून घेण्यात या विषयाचा खरा गाभा आहे.

पहिली गोष्ट वयाची. कोरोनात मृत्यूचा धोका ठरवणारं सगळ्यात मोठं कारण वय होतं. इटली म्हाताऱ्यांचा देश, भारतातली निम्म्याहून जास्त माणसं तिशीच्या आतली. तेव्हा तिथे मृत्यू जास्त आणि इथे कमी दिसायला बीसीजीची गरजच नव्हती. शिवाय ते १९७८ साल आठवा. २०२० मध्ये साठी ओलांडलेली आपल्याकडची माणसं १९६० च्या आधी जन्मलेली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना जन्मानंतर लगेच बीसीजी मिळालेलीच नव्हती. कुणाला पुढे मोहिमेत शाळेत टोचली, कुणाला कधीच नाही. ज्यांच्या जिवाला धोका होता तेच नेमके त्या वणाच्या हिशेबात धड बसत नव्हते.

दुसरी गोष्ट तपासणीची. जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडतं. २०२१ मध्ये कर्नाटकच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्या थांबवून आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट मागत होते. कागलहून निपाणीला येणाऱ्या माणसाला नाकात काडी घालून घ्यावीच लागायची, आणि आडवाटेच्या खेड्यात ताप अंगावर काढणाऱ्याची कुणी तपासणीही करत नव्हतं. नाक्याच्या अलीकडे-पलीकडे माणसं तीच, भाषा तीच, सोयरीक तीच, लसीकरणाचं राष्ट्रीय धोरणही एकच. तरी कागदावरचे आकडे कुठे किती तपासण्या झाल्या त्यावर हलायचे. दोन राज्यांतच जर असं, तर जपान आणि इटली यांची बेरीज-वजाबाकी करून लसीचा गुण कसा काढणार?

तिसरी गोष्ट, ती तुलना फार लवकर केली होती. मार्चमध्ये साथ युरोपात पेटलेली होती, दक्षिण अमेरिकेत पोचतच होती. ब्राझीलमध्ये बाळांना बीसीजी सर्रास देतात. तिथे पुढे ७ लाखांवर माणसं गेली. पेरूतही देतात, २०२१ च्या मध्यावर लोकसंख्येच्या मानानं जगात सगळ्यात जास्त मृत्यू तिथे नोंदले गेले. आणि आपलं काय झालं ते सांगायला नको. एप्रिल-मे २०२१ मध्ये देशात दिवसाला ४ लाख नवे रुग्ण सापडत होते, आणि ऑक्सिजनचं सिलिंडर मिळेल का म्हणून लोक बेळगाव, कोल्हापूर, मिरज, जिथे ओळख असेल तिथे फोन लावत होते. दंडावरचे वण तेव्हाही होतेच.

देशाशी देश ताडून बघणं सोडून संशोधक मग जास्त नेमक्या प्रश्नाकडे वळले. मला यातला सगळ्यात सुंदर अभ्यास इस्रायलचा वाटतो. तिथे १९५५ पासून १९८२ पर्यंत सगळ्या नवजात बाळांना बीसीजी देत होते, नंतर थांबवली. म्हणजे १९८२ च्या जरा आधी जन्मलेले आणि जरा नंतर जन्मलेले, यांचं देश, हवा, दवाखाने, कामधंदे सगळं सारखं. वयातही दोन-चार वर्षांचाच फरक. वेगळं काय, तर लस. कोरोनाची लक्षणं दिसली म्हणून तपासलेल्यांत लस मिळालेल्या पिढीतले ११.७ टक्के पॉझिटिव्ह निघाले आणि न मिळालेल्या पिढीतले १०.४ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. लहानपणची बीसीजी पस्तिशी-चाळिशीत कोरोना अडवत नाही, हे २०२० च्या मे महिन्यातच कळलं होतं.

पण यावर रास्त शंका घेता येते. शरीर जागं राहतं ते काही महिने, फार तर वर्षभर. मग चाळीस वर्षांपूर्वीची लस कशी चालेल? आत्ता नव्यानं टोचली तर? त्याचं उत्तर मिळवायला मेलबर्नच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, स्पेन, ब्रिटन आणि ब्राझील या पाच देशांत डॉक्टर, नर्स आणि दवाखान्यातले इतर कर्मचारी घेऊन चाचणी उभी केली. कुणाला बीसीजी द्यायची आणि कुणाला नुसतं मिठाचं पाणी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. चाचणीचा सगळा अर्थ यातच आहे. स्वतःहून लस घेणारी माणसं आधीच जास्त काळजी घेणारी असतात. निवड नशिबावर सोडली की दोन्ही गट सारखे होतात आणि फरक उरला तर तो लसीचाच. २०२३ मध्ये ३,९८८ जणांचा निकाल आला. सहा महिन्यांत लक्षणांसह कोरोना झाला तो बीसीजी गटात १४.७ टक्के जणांना आणि दुसऱ्या गटात १२.३ टक्के जणांना. जास्त त्रासाचा कोरोनाही कमी झाला नाही. दक्षिण आफ्रिकेत लहानपणी बीसीजी झालेल्या १ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना ती पुन्हा देऊन बघितलं, तिथेही तेच. आणि 'त्यांचा वाण वेगळा' असंही म्हणता येत नाही. मेलबर्नवाल्यांनी वापरलेला डॅनिश वाण आपल्या गिंडीच्या लसीतही आहे.

उलट बाजूचे निकालही आहेत, ते लपवणार नाही. अमेरिकेत बोस्टनला टाइप-१ मधुमेहाच्या १४४ रुग्णांत बीसीजीचे तीन डोस घेतलेल्या ९६ जणांपैकी एकालाच कोरोना झाला, न घेतलेल्या ४८ पैकी सहा जणांना. ग्रीसमध्येही आजारी, उतारवयातल्या सुमारे ३०० लोकांत फायदा दिसला. पण एक आणि सहा या आकड्यांत चार माणसं इकडची तिकडे झाली तर निकालच पालटतो. मोठ्या चाचण्यांत जे दिसलं नाही ते छोट्या चाचणीत दिसतं, तेव्हा मी मोठ्या चाचणीवर विश्वास ठेवतो. मधुमेहींवर आणखी काम व्हायला हरकत नाही. पण त्याच्या जोरावर आज निपाणीच्या एखाद्या मधुमेही काकांनी बीसीजी शोधत फिरू नये. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला ही जिवंत लस अपायही करू शकते.

मनाला लागते ती वेगळीच गोष्ट. टीबीची लस कोरोनाला अडवेल का यावर सगळे बोलत होते, त्याच काळात कोरोनानं टीबीचं काम मोडून टाकलं. देशात २०१९ मध्ये टीबीचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख माणसं बरी झाली नव्हती, ती तपासायलाच आली नव्हती. खोकला झाला की लोक लपवायचे, कारण खोकला म्हणजे क्वारंटाइन. सीमेवर तर दुहेरी कोंडी. अथणी, कागवाड, चिकोडीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या उपचाराला मिरजेला जातात, आणि ती वाटच नाक्यावर अडली. सहा महिन्यांचं औषध मधेच तुटलं की टीबी जास्त चिवट होऊन परततो.

२०२४ मध्ये काही राज्यांत, निवडक जिल्ह्यांत मोठ्यांसाठी बीसीजी सुरू झाली. साठीच्या पुढचे, मधुमेही, धूम्रपान करणारे, वजन फार कमी असलेले, अलीकडे टीबी होऊन गेलेले आणि टीबीच्या रुग्णासोबत राहिलेले, अशांना ती स्वेच्छेनं द्यायचं ठरलं. आशाताईंनी घरी येऊन विचारलं तर हे नीट समजून घ्या: ही लस टीबी कमी होतो का हे बघण्यासाठी आहे. कोरोना किंवा पुढे येणारा कुठला विषाणू यांच्याशी तिचा संबंध नाही. चेंगलपट्टूचा निकाल माहीत असूनही हा प्रयत्न पुन्हा करणं मला योग्य वाटतं. मोठ्यांच्या टीबीवर दुसरी लस अजून हातात नाही, आणि निपाणीच्या तंबाखूत आणि विड्यांत आयुष्य काढलेल्या बायकांना ती आज हवी आहे.

बाळांच्या बाबतीत आपल्या भागात एक अडचण नेहमी येते. मुलगी नांदते बेळगाव तालुक्यात, बाळंतपणाला माहेरी चंदगड किंवा गडहिंग्लजला जाते. बीसीजी तिकडे टोचली जाते, नोंद तिकडच्या कार्डावर राहते, आणि सासरी परतल्यावर इथल्या तायी कार्डात, म्हणजे कर्नाटकातल्या आई-बाळाच्या नोंदकार्डात, तो रकाना कोरा दिसतो. दवाखान्यातून निघायच्या आधी बीसीजीची तारीख लिहून घ्या आणि दोन्ही कार्डं जपून ठेवा. जन्मल्यावर राहून गेली असेल तर बाळ एक वर्षाचं होईपर्यंत ती देता येते. लस दिल्याची नोंद आहे पण वण उठला नाही, तर पुन्हा टोचायची गरज नाही. आणि घरात कुणाचा टीबीचा उपचार चालू असेल तर निक्षय या सरकारी टीबी नोंदणीतला नंबर देशभर एकच असतो. नाका ओलांडून दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तरी तो दाखवून गोळ्या पुढे चालू ठेवता येतात.